इंजिनाचे काम केले, तरी गाडी बंद का पडते?



तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही प्रत्येक गटसभेत सांगत आलो आहोत. त्यापुढे उसाचे वजन घटते, साखर कमी होते आणि उतारा खाली येतो. ऊस वाटेत अडकण्याचे एक कारण शेतकी खात्याच्या कामाबाहेरचे वाटेल, पण ते आपल्याच दारातले आहे. इंजिनाचे काम करून आणलेला ट्रॅक्टर किंवा ट्रक! बोअर केला, रिंगा-पिस्टन नवे घातले, पैसे मोजले; आणि गाडी दहा किलोमीटरवर बंद. मग 'पुन्हा हेड उतरवा' असे ठरते आणि दुसऱ्यांदा खर्च होतो. आमचे सांगणे एवढेच की, हेडला पाना लावण्यापूर्वी गाडी कशी बंद पडली, ते आधी पाहावे.

इंजिन बहुतेक वेळा दोन तऱ्हांनी बंद पडते : एक उपाशी राहून, दुसरे आवळून.

आवळलेले इंजिन तापते, आवाज जड होतो, ताकद जाते आणि बंद पडल्यावर स्टार्टरने फिरत नाही. पिस्टनने किंवा बेअरिंगने धरलेले असते. अशी गाडी ढकलून वा ओढून मुळीच चालू करू नये, नाहीतर क्रँकही हातची जाईल. इंजिन आपोआप थंड होऊ द्यावे, ऑइल व पाणी पाहावे आणि मिस्त्रीला बोलवावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

उपाशी इंजिनाचे तसे नसते. रेस उतरते, दोन-चार झटके बसतात आणि ते मरते. पण स्टार्टर मारला की मोकळे फिरते. याचा अर्थ, डिझेल पोचत नाही. इंजिन खोलताना डिझेलच्या साऱ्या नळ्या सोडलेल्या असतात, म्हणून नव्या कामानंतर हा दोष हमखास पुढे येतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. तिथला जोड सैल असला, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळेलच असे नाही. उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे दिसते, म्हणून माणूस फसतो.

हंगाम संपला की आपल्याकडच्या काही ट्रक नाशिकवरून भिवंडीच्या गोदामांचा माल वाहतात. अशाच एका गाडीचे उदाहरण घ्या. इंजिन नवे बांधलेले. वाटेत तिने एक-दोन झटके दिले, तिकडे कोणी लक्ष दिले नाही. कसारा घाट उतरताना चाकेच इंजिनाला फिरवत होती, त्यामुळे दोष झाकला गेला. पुढे राजनोली नाक्यावर रांगेत गाडी स्लोवर उभी राहिली आणि बंद पडली. हातपंप मारला की चालू, पाच मिनिटांत पुन्हा बंद. मिस्त्रीने हेडकडे पाहिलेसुद्धा नाही. स्वच्छ डब्यातून वेगळ्या नळीने डिझेल दिले, तर गाडी बिनतक्रार चालली. म्हणजे दोष डब्याच्या मागे, टाकीच्या वाटेवर. नळीच्या जोडाला जुनाच तांब्याचा वायसर पुन्हा बसवलेला निघाला.

तेव्हा तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१. टाकीचे झाकण सैल करून पाहा. झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल, तर झाकण काढताच गाडी सुधारते.

२. फिल्टर, त्याचे रबर, जोडांचे वायसर आणि चिरलेल्या नळ्या पाहा. वायसर नवेच घाला.

३. हवा काढा : आधी फिल्टरच्या स्क्रूवर, मग पंपावर, शेवटी नोझलच्या नटावर. फिल्टरवर आणि पंपावर बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, नोझलच्या नटावर मात्र स्टार्टर मारा. जवळ विडी नको.

४. थंडपणी चांगली, गरम झाल्यावर बंद आणि लगेच चालू होत नाही, असे असेल तर टॅपेट तपासून घ्या. फट कमी राहिली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरते बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन जाते.

५. फक्त स्लोवरच बंद पडत असेल, तर स्लो थोडा वाढवून घ्या. नव्या रिंगा सुरुवातीला घट्ट असतात.

६. पांढरा धूर आणि ओढ नाही, असे असेल तर पंपाचे टायमिंग पाहून घ्या.

हे सारे जुन्या धर्तीच्या पंपासाठी आहे. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत नळ्यांमधला दाब १,००० बारच्या वर जातो. तिथला नट घरी सोडू नये. डिझेलची धार कातडीत घुसते. ती गाडी स्कॅनर असलेल्या ठिकाणीच न्यावी.

आणखी एक. चालत्या गाडीचे इंजिन मेले की पॉवर स्टिअरिंग जड होते, ब्रेकला नवी हवा मिळत नाही. राहिलेल्या हवेवर ब्रेक एकदाच नीट दाबून गाडी कडेला घ्यावी, चाकाला दगड लावावा. रात्री मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर ठेवल्याशिवाय गाडी सोडून जाऊ नये. उसाची ट्रॉली अंधारात दिसत नाही आणि मागून येणारा आपल्याच गावचा असतो.

इंजिनाचे काम हंगामाच्या तोंडावर न करता महिनाभर आधी करावे. गाडी सुरुवातीला हलक्या ओझ्यावर चालवून मगच फडात आणावी. एवढे करूनही भरलेली गाडी अडलीच, तर चिटबॉयला ताबडतोब कळवावे, म्हणजे दुसरी गाडी पाठवता येईल. गाडी उद्या दुरुस्त होईल. पण वाळलेल्या उसाचे वजन काट्यावर परत मिळत नाही.

ऊस विकास अधिकारी