सर्पिल

एका स्थिर बिंदूभोवती फिरत असतानाच त्याच्यापासून सतत दूर जाणाऱ्या (किंवा त्याच्याकडे येणाऱ्या) बिंदूचा मार्ग म्हणजे सर्पिल होय. इंग्रजी ‘स्पायरल’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय आहे.

‘स्पायरल’ व ‘सर्प’ यांतील ध्वनिसाम्य मात्र फसवे आहे. ‘स्पायरल’चे मूळ ग्रीक ‘स्पेइरा’ (वेटोळे, गुंडाळलेली वस्तू) या शब्दात असून तो लॅटिन ‘स्पिरा’, ‘स्पिरालिस’ या रूपांतून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. उलट ‘सर्प’ हा ‘सृप्’ (सरपटणे) या संस्कृत धातूपासून बनला आहे. लॅटिन ‘सेर्पेन्स’ हा त्याचा सगोत्र शब्द. त्यावरूनच नागमोडी या अर्थाचे इंग्रजी ‘सर्पेंटाइन’ हे विशेषण झाले. ‘सर्पिल’मध्ये (सर्प + इल, तुलना : फेनिल, जटिल) वेटोळ्याचा अर्थ येतो तो धातूवरून नव्हे, तर वेटोळे घालून बसलेल्या सापाच्या आकृतीवरून.

त्यामुळे हा शब्द काहीसा संदिग्ध ठरतो. सरपटणाऱ्या सापाची वाट नागमोडी असते, तिला केंद्र नसते. नागपूर हे नाव ज्या नाग नदीवरून पडले असे सामान्यतः मानतात, तिचे वळणावळणांचे पात्र नागमोडी होय, सर्पिल नव्हे. व्यवहारात ज्याला ‘स्पायरल जिना’ म्हणतात तोही वस्तुतः मळसूत्री असतो. कारण चढताना अक्षापासूनचे अंतर बदलत नाही. अर्थात हा घोटाळा मराठीपुरता नाही. आर्किमिडीज यांनी इ. स. पू. तिसऱ्या शतकात सर्पिलावर ग्रंथ लिहिला, तेव्हा या वक्रासाठी त्यांनी ‘हेलिक्स’ हाच शब्द वापरला. आज तो मळसूत्री वक्रासाठी रूढ आहे.

आर्किमिडीज सर्पिलात केंद्रापासूनचे अंतर फिरलेल्या कोनाच्या सम प्रमाणात वाढते, म्हणून लगतच्या वेढ्यांतील अंतर सारखे राहते. नीट पाडलेली चकली हे त्याचे घरगुती उदाहरण. लघुगणकीय सर्पिलात हे अंतर गुणोत्तराने वाढत जाते, पण केंद्रातून काढलेली रेषा वक्राला सर्वत्र एकाच कोनात छेदते. देकार्त यांनी १६३८ मध्ये याचा विचार केला. याकोप बेर्नुली यांना तर तो इतका प्रिय होता, की आपल्या समाधिशिलेवर तो कोरावा अशी त्यांची इच्छा होती. बाझेल येथील शिलेवर कारागिराने चुकून आर्किमिडीज सर्पिल कोरले. नॉटिलस या सागरी प्राण्याचा शंख व सर्पिल दीर्घिकांचे बाहू यांचे आकार लघुगणकीय सर्पिलाशी स्थूलमानाने जुळतात. आपली आकाशगंगाही सर्पिल दीर्घिकाच आहे.