गिऱ्हाईक आधी, कारखाना मागून : इंदूरची गोष्ट आणि आपली मासळी



इंदुरात दर्या नाही, बंदर नाही, जेटी नाही. तरी आज पेजवर इंदूरबद्दल लिहितोय, कारण तिथल्या महापालिकेने जे केलं ते आपल्या सोसायटीच्या कामाचं आहे. स्वच्छतेत पहिला नंबर वगैरे सगळ्यांनी ऐकलंय, ते सोडा. आपण बोलू खरेदीबद्दल.

देवगुराडियाच्या जुन्या कचरा डेपोवर 19 फेब्रुवारी 2022 ला बायो-सीएनजीचा कारखाना सुरू झाला. रोज 550 टन ओला कचरा घ्यायचा, त्यातून साधारण 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत काढायचं, अशी त्याची क्षमता. सुमारे 150 कोटींचं भांडवल खासगी कंपनीने घातलं. आता कचऱ्यावर एवढा पैसा लावायला कुणी का तयार होईल? कारण महापालिकेने आधीच कबूल केलं की तयार होणाऱ्या गॅसपैकी निदान निम्मा आम्ही घेऊ आणि त्यावर शहरातल्या 250 बस चालवू. म्हणजे कारखाना उभा राहायच्या आधीच त्याला गिऱ्हाईक होतं.

महापालिकेला बससाठी इंधन तसंही घ्यायचंच होतं. ते बाहेरून आणलं असतं तर पैसा बाहेर गेला असता. तोच खर्च त्यांनी अशा जागी वळवला की कचराही मार्गी लागला आणि गॅसही गावातच तयार झाला. सरकारी खरेदीची ताकद म्हणतात ती हीच. वेगळं अनुदान मागायला नको, रोजचा खर्च कुणाकडे वळवायचा एवढं ठरवावं लागतं.

पण या गोष्टीची दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याला जास्त लागू पडते. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा झाला नसता तर हा कारखाना चालला नसता. प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्यातून चांगला गॅस निघत नाही. गिऱ्हाईक पक्कं असलं तरी माल पण पक्का लागतो.

आता आपल्याकडे या. शासकीय वसतिगृहं, आश्रमशाळा, रुग्णालयं, तुरुंग, पोलिसांच्या मेस, सगळीकडे रोज स्वयंपाक होतो. यातल्या किती ठिकाणी आपल्या किनाऱ्याची मासळी जाते? बहुतेक निविदा सगळ्यात कमी दरवाल्याला मिळते. मग जो लहान पापलेट ओढून आणतो, बर्फात हात आखडता घेतो, त्याचा दर कमी येतो आणि नियम पाळणारा बाहेर राहतो. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी किमान आकारही ठरवला. तो आकार बंदरावर तपासायला माणसं कुठून आणणार? पण हीच अट सरकारी खरेदीच्या निविदेत टाकली, सोबत बर्फाचं प्रमाण आणि कुठल्या बंदरावर उतरली त्याची पावती मागितली, तर लहान मासळी मारणाऱ्याला तिथे तरी गिऱ्हाईक उरणार नाही. पोलिसी कारवाईपेक्षा हे मला जास्त पटतं.

बाहेर असं झालेलं आहे. ब्राझीलने 2009 मध्ये कायदा केला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडून घ्यायचा. जवळचं उदाहरण केरळचं. कोल्लमजवळ नीण्डकरा बंदरावर 2017 पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत दर्यात न टाकता किनाऱ्यावर आणू लागले. तिथे ते निवडून, बारीक करून रस्त्याच्या डांबरात घालायला दिलं गेलं. रस्ता सरकारच बांधणार होतं, त्यात आपल्या लोकांनी आणलेला माल गेला.

हुरळून जायला नको, हेही सांगतो. त्याच मध्य प्रदेशात तवा धरणात विस्थापित आदिवासींच्या सहकारी संघाला 1996 मध्ये मासेमारीचा ठेका मिळाला. संघाने बीज सोडलं, मासळी गोळा केली, स्वतः बाजारात नेली, बरीच वर्षं चांगलं काम केलं. 2006 च्या अखेरीस मुदत संपली आणि सरकारने ती वाढवली नाही. देणारा एकच असेल आणि कागद पाच वर्षांचाच असेल, तर मेहनतीने उभं केलेलं एका सहीअभावी थांबतं. इंदूरच्या करारात गॅस कंपनीने अर्धाच महापालिकेला द्यायचा, बाकीचा बाजारात विकायचा. सरकारी गिऱ्हाइकावर सगळी बोट टाकू नये.

दुसरी अडचण पैशाची. सरकारी बिल उशिरा निघतं, आणि खलाशाचा हिशोब आणि डिझेल मात्र रोखीनेच चालतं. कायद्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं आहे. केंद्राची खाती आणि कंपन्या आपल्या खरेदीतला 25 टक्के माल अशा उद्योगांकडून घ्यायला बांधील आहेत, त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. अनामत रकमेतूनही सूट मिळते. पण नीट ऐका: नुसती मासेमारी उद्यम नोंदणीत बसत नाही. मासळी साफ करून पॅक करणं आणि सुकवणं मात्र प्रक्रियेत येतं. म्हणजे सुकट-बोंबील करणाऱ्या आपल्या बायांचा गट नोंदला जाऊ शकतो, आणि होडीवाल्याचा माल त्या गटामार्फत सरकारी गिऱ्हाइकापर्यंत पोचू शकतो. नवरा दर्यात आणि बायको बाजारात, हे आपल्याकडे नवीन नाही. आता बाजाराच्या जागी निविदेचा कागद येईल.

जेम पोर्टलवर सोसायटी विक्रेता म्हणून नाव नोंदवू शकते. 2022 पासून सहकारी संस्थांना तिथे खरेदीदार म्हणूनही येता येतं. दोरखंड, इंजिनाचे भाग, बर्फपेट्या आपण सगळे वेगवेगळे घेतो आणि प्रत्येकाला दर वेगळा पडतो, तो विषयही एकदा मांडायला हवा.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने एवढंच बघून यावं : आपल्या तालुक्यात वसतिगृह, सरकारी दवाखाना, आश्रमशाळा कुठे आहे, तिथला जेवणाचा ठेका कुणाकडे आहे आणि तो कधी संपतोय. ज्यांच्या घरातली पोरं अशा वसतिगृहात राहतात त्यांना हे पटकन कळेल. खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहिलंत तरी चालेल, यादी आम्ही करतो.