पहाटेची पिकअप का अडते?

अनसिंग हे वाशीम-पुसद मार्गावरील गाव. सोयाबीन, तूर आणि भाजीपाला बाजारात नेण्यासाठी या परिसरातील शेतकऱ्यांचा मोठा आधार आता डिझेलवर चालणारी पिकअप गाडी हाच आहे. पौषातील पहाटे भाजीच्या जुड्या भरून तयार असाव्यात आणि गाडीने मात्र सुरू होण्याचे नाव घेऊ नये, हा प्रसंग अनेकांच्या परिचयाचा आहे. लिलाव आटोपल्यावर पोहोचलेल्या पालेभाजीला भाव उरत नाही. अडल्या रात्री रुग्णाला नेण्यासाठीही हीच गाडी उपयोगी पडते. म्हणून तिच्या अडण्याचे कारण गाडीवानाला स्वतःला ओळखता येणे अगत्याचे आहे.

थंडी हे निमित्त

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचे हेच तत्त्व होय. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करणाऱ्या जुन्या पिढीला हा दाब हातानेच ठाऊक आहे. हँडल जोरात फिरले नाही, तर इंजिन धरत नसे.

थंडीत सिलिंडरच्या गार भिंती हवेतील उष्णता शोषून घेतात, तेल घट्ट होते आणि बॅटरीची शक्ती घटते. तथापि आपल्याकडील थंडीत धडधाकट इंजिनाने अडून बसण्याचे सहसा कारण नाही. उन्हाळ्यात झाकून राहिलेला दोष थंडी केवळ उघडा करते. इंजिनाला वेग, उष्णता आणि इंधन या तीन गोष्टी हव्यात. त्यांपैकी कोणती उणी पडते, एवढेच शोधावयाचे असते.

आधी कान, मग डोळा

किल्ली फिरविल्यावर नुसती 'टकटक' झाली किंवा इंजिन जड, रेंगाळत फिरले, तर दोष बहुधा बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची तार किंवा सेल्फ यांत असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ वर आला, तर बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी झाली असे समजावे. टर्मिनलवरील पांढरट-हिरवा थर पुसून ते घट्ट आवळल्यानेही पुष्कळदा काम भागते. धक्का देताच गाडी सुरू होत असेल, तर इंजिनाला बोल लावू नये; प्रथम बॅटरी आणि सेल्फच तपासावेत.

इंजिन जोमाने फिरते पण धरत नाही, अशा वेळी धुराड्याकडे पाहावे. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोहोचते आहे, पण पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लग, त्यांचा फ्यूज व रिले तपासावेत; ते ठीक असल्यास सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. मुळीच धूर नसेल, तर इंधनच पोहोचत नाही असे समजावे. भारत स्टेज ६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानुसार बनलेल्या गाड्यांत मात्र धुराची खूण तितकी स्पष्ट नसते. तेथे इंजिनाचा इशारा-दिवा पाहून स्कॅनरने तपासणी करणे श्रेयस्कर.

इंधनाची वाट

इंधन न पोहोचण्यास चोंदलेला फिल्टर, त्यात साचलेले पाणी किंवा सैल जोडातून शिरलेली हवा कारणीभूत असते. हवा शिरली की नळीतील डिझेल रात्रीतून टाकीकडे परतते. याची परीक्षा सोपी आहे. गाडी भर दुपारीही तितकेच तास उभी ठेवून पाहावी. तरीही ती अडली, तर दोष थंडीचा नसून गळतीचा असण्याचा संभव अधिक.

अतिथंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबू शकतो. ज्या तापमानाला असे होऊ लागते, ते भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलसाठी ६ अंशांहून आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंशांहून अधिक नसावे. विदर्भातच नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून उन्हाळ्यातील साठविलेले डिझेल हिवाळ्यात वापरू नये.

हे टाळावे

टाकीखाली जाळ करणे किंवा हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरणे म्हणजे आगीला निमंत्रण. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारल्यास स्फोट संभवतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने पंप व नोझल झिजतात. कॉमन रेल गाडीत इंधनाचा दाब प्रचंड असल्याने नोझलच्या नळ्या सैल करू नयेत. ती धार कातडी भेदून आत शिरते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट थांबावे.

दिवाळीच्या सुमारास बॅटरी व हीटर प्लग तपासून घ्यावेत, फिल्टरमधील पाणी काढावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे. गाडी तरीही अडली, तर मिस्त्रीला 'सुरू होत नाही' एवढेच न सांगता इंजिन कसे फिरले, धूर होता की नव्हता आणि गाडी किती तास उभी होती, हे सांगावे. एवढ्या माहितीने योग्य तो भागच उघडला जाईल आणि चांगला भाग विनाकारण बदलण्याचा खर्च वाचेल.