एकच गणवेश, चार पायऱ्या

मोठ्या इस्पितळात सकाळची पाळी संपून दुपारची सुरू होते, तेव्हा वॉर्डातल्या टेबलाभोवती चार-पाच परिचारिका काही वेळ उभ्या असतात. एकीच्या हातात नोंदवही असते. कोणत्या खाटेवरचे सलाइन केव्हा संपणार, कोणाचा ताप उतरलेला नाही, कोणाच्या नातेवाइकांनी रक्त आणायचे आहे, हे ती सांगते आणि दुसरी उतरवून घेते. खाटेवरच्या रुग्णाच्या लेखी या साऱ्याजणी ‘सिस्टर’च. त्यांचा गणवेश एक, त्यांची धावपळ एक आणि त्यांना बसणारी बोलणीही एकच. त्या मात्र एकमेकींना नेमक्या ओळखून असतात. चार वर्षे शिकून पदवी घेतलेली कोण, तीन वर्षांची पदविका घेतलेली कोण आणि दोन वर्षांच्या ए.एन.एम. अभ्यासक्रमातून आलेली कोण, हे तिथे कोणाला विचारावे लागत नाही. ‘बी.एस्सी. झालात ना, मग तुम्हाला ठाऊक असेलच’ हे वाक्य कोणत्या सुरात उच्चारले जाते, एवढ्यावरून ते कळते.

हा सूर शिक्षकांना आणि कारकुनांना अपरिचित नाही. शाळेत डी.एड. आणि बी.एड. यांच्यामध्ये, कचेरीत बढतीने वर आलेला आणि परीक्षा देऊन थेट आलेला यांच्यामध्ये तो ऐकू येतो. पण कचेरीत दोघांनी एकमेकांशी अबोला धरला, तर फार तर एखादी फाईल चार दिवस पडून राहते. इस्पितळातला अबोला रुग्णाच्या जिवाशी जाऊन भिडतो. म्हणून या कुरबुरीकडे ‘बायकांची भांडणे’ म्हणून पाहणे हे जितके असभ्य, तितकेच धोक्याचेही आहे.

पायऱ्या कशा घडल्या?

आपल्याकडे परिचर्येच्या शिक्षणाला आज चार मुख्य पायऱ्या आहेत. ए.एन.एम. म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यावर जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका, त्यावर चार वर्षांची बी.एस्सी. आणि शेवटी दोन वर्षांची एम.एस्सी. पदविकाधारक परिचारिकेला दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवीही मिळवता येते. ही रचना कोणी एका बैठकीत आखलेली नाही. ती अडचणीतून, तुकड्यातुकड्याने उभी राहिली.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात प्रशिक्षित परिचारिका सुमारे सात हजार होत्या. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. एवढ्या दुष्काळात एकाच दर्जाच्या, पूर्ण शिकलेल्या परिचारिकांची वाट पाहत बसणे शक्य नव्हते. समितीने कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन श्रेणी सुचवल्या आणि विद्यापीठीय शिक्षणाचाही पुरस्कार केला. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ साली उघडले. दुसऱ्या टोकाला, खेड्यापाड्यांतली बाळंतपणे आणि लसीकरण यांसाठी कमी मुदतीत तयार होणारी परिचारिका हवी होती. त्या गरजेतून १९५० नंतरच्या दशकात ए.एन.एम.चा अभ्यासक्रम रुजला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्यसेवकाची कल्पना मांडल्यावर तिच्या कामाचे स्वरूप पुन्हा बदलले. अभ्यासक्रमाची मुदत दीड वर्षावर आली आणि पुढे पुन्हा दोन वर्षे झाली.

म्हणजे देशाला एकाच वेळी संख्या हवी होती आणि गुणवत्ताही हवी होती. संख्येसाठी एक दार उघडले गेले, गुणवत्तेसाठी दुसरे. दोन्ही दारांनी आत आलेल्या स्त्रिया एकाच वॉर्डात उभ्या राहिल्यावर त्यांनी एकमेकींशी कोणत्या नात्याने वागावे, हे मात्र कोणीच ठरवले नाही.

अर्थात हे दुखणे केवळ आपले नाही. लंडनमध्ये १८६० साली नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिका शाळा निघाली. त्या शाळेतही पुढे विद्यावेतनावर शिकणाऱ्या सामान्य मुली आणि स्वतःचा खर्च करणाऱ्या घरंदाज ‘लेडी प्रोबेशनर’ असा भेद आला, आणि अधिसेविकेच्या जागा बहुधा दुसऱ्या वर्गाकडे गेल्या. १९४३ साली इंग्लंडने ‘असिस्टंट नर्स’ची वेगळी यादी कायद्याने निर्माण केली. १९६१ साली नावातला ‘असिस्टंट’ हा बोचणारा शब्द काढला, परंतु पायरी तशीच ठेवली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती श्रेणीच बंद करण्याचे ठरले आणि तिच्यातल्या परिचारिकांसाठी वरच्या श्रेणीत जाण्याचे अभ्यासक्रम निघाले. पुढे माणसे कमी पडू लागली, तेव्हा २०१९ साली त्याच देशात ‘नर्सिंग असोसिएट’ या नावाने दोन वर्षांच्या शिक्षणाची नवी पायरी नोंदवहीत आली. अमेरिकेत परिचारिकांच्या संघटनेने व्यावसायिक परिचारिकेसाठी पदवी आवश्यक असल्याचा ठराव १९६५ साली मांडला. नॉर्थ डकोटा या एकाच राज्याने १९८७ साली तो नियम प्रत्यक्षात आणला आणि २००३ साली मागे घेतला. खालची पायरी पुसून टाकणे सोपे नसते, कारण ती ज्या गरजेतून आली ती गरज पुसली जात नाही.

तिघींचे तीन सल

आपल्याकडच्या वॉर्डात प्रत्येक पायरीवरच्या स्त्रीजवळ एक गाऱ्हाणे आहे, आणि दुर्दैवाने प्रत्येकीचे गाऱ्हाणे खरे आहे.

पदवीधर मुलगी म्हणते, चार वर्षे विद्यापीठात शिकून मी ज्या जागी आले, त्याच जागी पदविकावालीही आहे. मग माझे जादा वर्ष कशात जमा झाले? तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. केंद्र सरकारच्या मोठ्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरच्या पदासाठी पदवीधर थेट पात्र ठरते, तर पदविकाधारकाला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एकदा आत आल्यावर मात्र दोघींचे पद एक आणि वेतनश्रेणीही एक.

वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेली पदविकाधारक म्हणते, काल आलेल्या मुलीला शीर शोधायला मी शिकवले आणि उद्या पदवीच्या जोरावर तीच माझ्यापुढे जाणार. तिलाही पोस्ट बेसिक करता येते, हे खरे. पण त्यासाठी रजा मंजूर व्हावी लागते, तिच्या जागी दुसरी कोणी यावी लागते आणि घरची जबाबदारी दोन वर्षे कोणावर तरी सोपवावी लागते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येणे म्हणजे दैवयोगच.

ए.एन.एम.ची व्यथा या दोघींहून खोल आहे. तिचे शिक्षण मुळात माताबालसंगोपनासाठी आणि उपकेंद्रासाठी. परंतु अनेक लहान खाजगी रुग्णालयांत वॉर्डाचे सगळे काम तिच्याकडूनच करून घेतले जाते. मालकाला ती कमी पगारात मिळते आणि रुग्णाला फरक कळत नाही. रात्रीच्या पाळीत संपूर्ण मजला तिच्या स्वाधीन करायचा आणि सकाळी ‘ती काही खरी नर्स नव्हे’ असे म्हणायचे, हा व्यवहार सोयीचा असेल, पण सरळ नाही.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. कोणती मुलगी कोणत्या दाराने आत येते, हे केवळ बुद्धीवर ठरत नाही. पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखा लागते. पदविका आणि ए.एन.एम.साठी इतर शाखाही चालतात. ज्या गावात विज्ञानाचे कनिष्ठ महाविद्यालयच नाही, ज्या घरात धाकट्या भावाचे शिक्षण आधी आणि मुलीचा पगार लवकर हवा, तिथल्या मुलीची पायरी ती सतरा-अठरा वर्षांची असतानाच ठरून गेलेली असते. त्या वयात बापाच्या खिशाने घेतलेल्या निर्णयाचे ओझे तिने निवृत्तीपर्यंत वाहावे, असे म्हणणे न्यायाचे नाही.

पदवी की अनुभव?

मग पदवीला अर्थच नाही काय? तसे मुळीच नव्हे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जिथे १० टक्क्यांनी अधिक, तिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळली. युरोपातल्या ९ देशांतील ३०० रुग्णालयांच्या अशाच अभ्यासात २०१४ साली हा आकडा ७ टक्के निघाला. पदवी ही केवळ भिंतीवर लावायची चौकट आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले पाहिजे.

परंतु त्याच युरोपीय अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला, की मृत्यूची शक्यता तितक्याच, म्हणजे ७ टक्क्यांनी वाढत होती. ज्या वॉर्डात एकीच्या माथी तीस-चाळीस खाटा असतात, तिथे पदवी श्रेष्ठ की पदविका, हा वाद तिला स्वतःलाच थट्टेसारखा वाटेल. तिच्याजवळ ज्ञान वापरण्याइतका वेळच उरत नाही. अनुभवाच्या बाजूनेही शास्त्र बोलते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच अवस्था परिचारिकेच्या वाटचालीत दाखवल्या. शेवटच्या अवस्थेतले जाणतेपण केवळ पुस्तकातून येत नाही, ते रुग्णांच्या सहवासात वर्षानुवर्षे मुरावे लागते.

वॉर्डात याचा अर्थ काय होतो? पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत दिले, तर हृदय थांबू शकते. किती पातळ करायचे याविषयी नव्या पदवीधर मुलीला क्षणभर शंका आली, तर तिने शेजारच्या ज्येष्ठ सिस्टरला विचारावे, हा साधा मार्ग. पण मागच्या वेळी विचारले तेव्हा टोमणा मिळाला असेल, तर ती विचारायला कचरेल. उलट एखादा रुग्ण उगाच अस्वस्थ दिसतो, श्वास मघापेक्षा जलद चालला आहे, हे बारा वर्षे काम केलेल्या ए.एन.एम.च्या नजरेला आधी टिपता येते. वाढलेली श्वासगती हा प्रकृती ढासळत असल्याचा एक अगदी लवकर दिसणारा इशारा आहे. मात्र ‘तुम्हाला त्यातले काय कळते’ हे शब्द पूर्वी ऐकलेले असतील, तर या वेळी ती गप्प बसेल. दोन्ही प्रसंगी ज्ञान वॉर्डात हजर असते, रुग्णापर्यंत पोहोचत मात्र नाही. दोघींमध्ये पडलेल्या या अंतराची किंमत तिसराच मोजतो, आणि आपण ती मोजतो आहोत याची त्याला कल्पनाही नसते.

या कटुतेचे एक मूळ वॉर्डाच्या बाहेर आहे. जिथे डॉक्टरांच्या फेरीत परिचारिकेचे मत क्वचितच विचारले जाते, जिथे कौतुकाचा शब्द वरून सहसा येत नाही, तिथे मान ही दुर्मीळ वस्तू होते. दुर्मीळ वस्तूसाठी माणसे आपापसांत भांडतात. वरच्याकडून न मिळालेला मान मग खालच्याकडून वसूल केला जातो. पदवीधर पदविकावालीकडून, ती ए.एन.एम.कडून आणि ए.एन.एम. वॉर्डातल्या मावशीकडून तो घेते.

उपाय कोणाच्या हाती?

‘सर्वांनी एकमेकींचा आदर करावा’ असा फलक भिंतीवर लावून हे सुटणार नाही. आदर हा उपदेशातून कमी आणि व्यवस्थेतून अधिक येतो. पहिली गोष्ट म्हणजे वर जाण्याचा जिना प्रत्येक पायरीवरून असला पाहिजे, आणि तो चढता येण्याजोगा असला पाहिजे. पदविकाधारकाला पगारी अभ्यासरजा आणि तिच्या जागी बदली परिचारिका मिळणे, तसेच ए.एन.एम.ला पुढे शिकताना तिच्या अनुभवाचे काही मोल धरले जाणे, या गोष्टी उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मान्य व्हाव्यात. दुसरी गोष्ट, कोणी कोणते काम करावे आणि कोणाच्या देखरेखीखाली करावे, हे लेखी आणि स्पष्ट हवे. जे काम शिकवलेले नाही ते कोणाकडून करून घेऊ नये. आणि करून घेतलेच, तर त्याचा पगार आणि नाव नाकारू नये. तिसरी गोष्ट, पदवीचे आणि अनुभवाचे मोल दोन वेगळ्या खात्यांत मांडावे. एकीला शिक्षणाबद्दल काही अधिक मिळाले म्हणून दुसरीच्या सेवेची वर्षे शून्य होऊ नयेत.

चौथी गोष्ट शिक्षणातली आहे. आपल्याकडे शिकवणारी पाठ्यनिर्देशिका आणि वॉर्ड चालवणारी परिसेविका यांची दोन वेगळी जगे झाली आहेत. शिकवणारीने ठरावीक दिवस वॉर्डात काम करावे आणि वॉर्डातल्या ज्येष्ठ परिचारिकेला विद्यार्थिनींना शिकवण्याचा अधिकृत मान मिळावा. त्यामुळे पदवी आणि अनुभव यांची गाठ नोकरीच्या पहिल्या दिवशी न पडता शिकत असतानाच पडेल.

१९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा बाजूला सारून संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. शिक्षणाचा आणि नोंदणीचा नवा आराखडा घडवण्याची ही संधी आहे. तो आराखडा केवळ नव्या पदव्यांची भर घालणारा होऊ नये. जुन्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न त्याने आधी विचारला पाहिजे.

दुपारची पाळी सुरू होते. नोंदवही एका हातातून दुसऱ्या हातात जाते. देणारी पदविकाधारक असेल, घेणारी पदवीधर. किंवा याच्या उलट. सांगणारीने काही हातचे राखून ठेवू नये आणि ऐकणारीने शंका आली तर संकोच न करता विचारावे, एवढीच खाटेवरच्या माणसाची गरज असते. सात नंबरच्या खाटेवरचा रुग्ण ‘सिस्टर’ अशी हाक मारतो, तेव्हा तो कोणाची पदवी विचारत नाही. आपल्याला येथे जे जे ठाऊक आहे ते सारे आपल्या कामी यावे, हाच त्या हाकेचा अर्थ असतो.