घरातल्या कुणाला अटक झाली, तर वकील कसा निवडायचा?

मागच्या रमजानमध्ये तरावीहनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अब्बा घरी आले. मुलाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली होती. कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एकाने "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, दोन दिवसांत सोडवतो" असं सांगून रोख पैसे घेतले होते. पावती नाही, वकीलपत्र नाही. रिमांडच्या दिवशी तो फिरकलाच नाही. नंतर कळलं, तो वकीलच नव्हता.

मी वकील नाही, शाळेत शिकवतो. पण त्या रात्रीपासून जे विचारून, वाचून समजून घेतलं ते इथे लिहितोय.

अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून). आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ ने दिलेला आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही. म्हणून पहिले २४ तास महत्त्वाचे. पोलीस कोठडी द्यायची की न्यायालयीन कोठडी, हे रिमांडच्या वेळी ठरतं, आणि तिथे आपल्या बाजूने बोलणारा हवा.

पैसे नसतील तर?

घाबरू नका आणि दागिनेही लगेच मोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तसंच महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो. तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करा, नाहीतर १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. "सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच माणूस" असं आपल्या मोहल्ल्यात सर्रास म्हणतात. सरकारी वकील आरोपीविरुद्ध खटला चालवतो, हे खरं. पण विधी सेवेचा वकील वेगळा, तो आरोपीच्याच बाजूने लढतो.

खासगी वकील करताना काय बघायचं?

- सनद आहे का? महाराष्ट्रातले वकील महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदलेले असतात. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.
- फौजदारी काम करतात का? जमिनीचे दावे चालवणारा वकील नातेवाईक असला, तरी जामिनाच्या कामाला तोच योग्य असेल असं नाही. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर वकिलाच्या नावाने त्यांची प्रकरणं शोधता येतात.
- तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार?
- फी कशाची? फक्त जामिनाची की पूर्ण खटल्याची? लिहून घ्या, पावती मागा.
- यूएपीए, मकोकासारखा विशेष कायदा लागला असेल, तर तसं काम आधी केलंय का?

एक प्रश्न जरूर विचारा: "साहेब, आरोपपत्राची मुदत कधी संपते?" सर्वसाधारण गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. आरोपपत्र आधी दाखल झालं की संधी गेली. ही तारीख वहीत लिहून ठेवणारा वकील कामाचा.

"शंभर टक्के सोडवतो", "जज माझ्या ओळखीचे आहेत" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. निकालाची हमी कुठलाच प्रामाणिक वकील देत नाही. कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नका.

वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. फी थकली म्हणून वकील आपले कागद अडवून ठेवू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केलंय.

त्या मुलाला शेवटी विधी सेवेच्या वकिलानेच जामीन मिळवून दिला. एक पैसा लागला नाही. पण तोवर त्याचा कॉलेजचा एक पेपर बुडाला होता, आणि अम्मीच्या बांगड्या मोडून दिलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. १५१०० हा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. अल्लाह करो, तो लावायची वेळ कुणावर न येवो.