गिटारचा आवाज सुधारायचाय? पिकअपआधी स्पीकर तपासा

ऑर्केस्ट्रा असो, भीमगीतांचा कार्यक्रम असो की कॉलेजचे स्नेहसंमेलन. की-बोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार आली की रंगत वाढते. पण सुरुवातीला घेतलेल्या स्वस्त गिटारचा आवाज वर्ष-दोन वर्षांत पातळ वाटू लागतो, हमिंगही त्रास देते. मग सगळे एकच सल्ला देतात : पिकअप बदल. मानवतसारख्या तालुक्याच्या गावात असे भाग सहसा पार्सलनेच मागवावे लागतात. चुकीचा भाग आला, तर परत पाठवण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून ऑर्डर देण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे समजून घेऊ.

थोडक्यात
• आवाज पातळ किंवा कर्कश असेल, तर आधी स्पीकर आणि बॉक्सकडे पाहा.
• हमिंग ही मुख्य तक्रार असेल, तर पिकअप आणि वायरिंगकडे पाहा.
• बॉक्स बदलताना ओहमचा हिशेब चुकला, तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

पिकअप काम कसे करतो?
पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. पंपाची मोटार रिवाइंड करताना पाहिली असेल, तर हे लगेच कळेल. फरक इतकाच, की इथली तार केसाइतकी बारीक असते आणि तिचे हजारो वेढे असतात. वर स्टीलची तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी कमी दाबाची वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. मिरवणुकीतल्या इलेक्ट्रिक बेंजोचा पिकअपही याच तत्त्वावर चालतो. नायलॉनच्या तारांवर मात्र हा पिकअप चालत नाही.

एकाच कॉइलचा, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची वीजही पकडतो. तीच हमिंग. यावर गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये उपाय काढला. दोन कॉइल अशा उलट जोडायच्या, की हमिंग एकमेकांत कटते आणि तारेचा आवाज मात्र राहतो. हाच हमबकर.

स्पीकरमुळे इतका फरक का पडतो?
गिटारसाठी बनवलेला १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज फारसा काढत नाही. ही उणीव नाही, तोच त्याचा गुण आहे. डिस्टॉर्शन लावल्यावर तयार होणारी वरची करकर तो गाळून टाकतो. लग्नातल्या साउंड सिस्टीमचा टॉप मात्र त्याच्या कितीतरी पुढचा आवाजही स्वच्छ ऐकवतो. म्हणून तीच गिटार, तोच पेडल, पण साउंड सिस्टीमवर ऐकले की माशी भणभणल्यासारखे वाटते. आणि सरावाच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये सहा-आठ इंची स्पीकर असतो. त्यातून भरदार खर्ज निघणे अवघडच.

आवाज किती मोठा येईल, हेही केवळ वॅटवर ठरत नाही. स्पीकरवर ९७ किंवा १०० डेसिबल असा आकडा दिलेला असतो. १०० डेसिबलचा स्पीकर १५ वॅटवर जेवढा वाजतो, तेवढाच आवाज काढायला ९७ डेसिबलच्या स्पीकरला ३० वॅट लागतात. मागून बंद असलेल्या बॉक्सचा खर्ज घट्ट येतो आणि आवाज सरळ समोर जातो. मागून उघड्या बॉक्सचा आवाज खोलीभर पसरतो.

मग आधी काय करायचे?
१. तारा बदला. गंजलेल्या तारांवर महागडा पिकअपही मंद वाजतो.
२. पिकअपची उंची जुळवा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमध्ये साधारण दोन मिलिमीटर अंतर ठेवा आणि कानाने थोडे कमी-जास्त करा. सिंगल कॉइल फार जवळ आणला, तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो.
३. तीच गिटार मित्राच्या किंवा दुकानातल्या १२ इंची गिटार स्पीकरवर वाजवून पाहा. आवाज भरला, तर पिकअप निर्दोष आहे. पैसे स्पीकरवर घाला.
४. हमिंग तपासा. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर आत तांब्याची चिकटपट्टी लावून शिल्डिंग करा. गिटार घेऊन जागेवर वळल्यावर कमी-जास्त होत असेल, तर हमबकरचा विचार करा.

पिकअप मागवताना
खाचेचे माप आधी घ्या. पूर्ण आकाराचा हमबकर सिंगल कॉइलच्या खाचेत बसत नाही. त्यासाठी सिंगल कॉइलच्याच आकाराचे हमबकर मिळतात. व्हॉल्यूमचा पॉट सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहम, तर हमबकरला ५०० किलोओहम लागतो. हमबकरला २५० चा पॉट ठेवला, तर आवाज दबलेला येतो आणि दोष विनाकारण नव्या पिकअपवर जातो.

ओहमचा हिशेब
आठ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर ४ ओहम, सिरीजमध्ये जोडले तर १६ ओहम होतात. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला त्याच्या मागे छापलेल्या आकड्यापेक्षा कमी ओहमचा बॉक्स लावू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला ओहम जुळलेच पाहिजेत आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. असा अ‍ॅम्प स्वतः उघडूही नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस सारखे जोडलेले हवेत. स्पीकर सुटा असताना पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहा : सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. अ‍ॅम्प ते बॉक्स गिटारची केबल वापरू नका, ती तापते. तिथे जाड स्पीकर वायरच हवी.

कार्यक्रमात मिक्सरला जोडताना
गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली, की आवाजातला चमकदार भाग हरवतो. गिटारच्या पिकअपला सुमारे एक मेगाओहमचे इनपुट लागते. मध्ये डीआय बॉक्स किंवा स्पीकर सिम्युलेशन असलेला पेडल लावा. बॉक्स नेणे शक्य नसेल, तेव्हा तीच करकर हा पेडल गाळतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको
गिटारच्या तारा ब्रिजमधून अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या लाइनवर असतील आणि एकाचे अर्थिंग नसेल, तर माइकला ओठ लागताच शॉक बसू शकतो. ब्रिटनमधील स्टोन द क्रोज बँडचे गिटारवादक लेस हार्वे यांचा १९७२ मध्ये स्वान्सी येथे, अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन मंचावरच मृत्यू झाला. हमिंग जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कधीच तोडू नका. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. कार्यक्रमाआधी तार आणि माइकची जाळी यांच्यातला दाब इलेक्ट्रिशियनकडून मीटरने मोजून घ्या.

मोठा बॉक्स आला, तरी वेळेचे बंधन कायम आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

ऑर्डर देण्याआधी अ‍ॅम्पचे वॅट आणि ओहम, स्पीकरचा इंच आणि डेसिबल, पिकअपच्या खाचेचे माप आणि पॉटचा आकडा एका कागदावर लिहा आणि मगच दुकानदाराला फोन करा.