कायदा जाणणारा संगणक

समजा, भिवंडीजवळच्या राहनाळ गावात एका बारा वर्षांच्या मुलाच्या मामांचे किराणा दुकान आहे. शाळा सुटल्यावर तो मुलगा दुकानात मदत करतो. हे कायद्याला चालते का?

वकील आधी काही प्रश्न विचारतील. मग मिळालेली उत्तरे कायद्याच्या नियमांशी ताडून पाहतील. हे काम संगणकालाही शिकवता येते. त्यासाठी जाणकार माणसाचे ज्ञान 'जर' आणि 'तर' अशा नियमांत मांडून संगणकात भरतात. अशा व्यवस्थेला 'तज्ज्ञ प्रणाली' म्हणतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील रॉबर्ट कोवाल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ब्रिटनचा नागरिकत्वाचा कायदा असा मांडून दाखवला.

आता आपल्या मुलाकडे वळू. आपल्या देशात बालमजुरीविरुद्ध १९८६ चा कायदा आहे. २०१६ मध्ये तो अधिक कडक झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली आहे. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मूल घरच्या धंद्यात मदत करू शकते. तो धंदा धोक्याचा नसावा आणि मुलाच्या शिक्षणाचे नुकसान होऊ नये, अशी अट आहे.

संगणक विचारतो, "वय किती?" बारा. "दुकान कोणाचे?" मामांचे. या कायद्यात कुटुंबात मामाही येतात. "काम धोक्याचे आहे का?" नाही. "शिक्षणाचे नुकसान होते का?"

मामा म्हणाले, "नाही." संगणकाने लगेच सांगितले, "चालते." का, असे विचारले तर तो एकेक नियमही दाखवील. पण तो मुलगा रात्री उशिरापर्यंत दुकानात बसत असेल आणि सकाळी वर्गात डुलक्या घेत असेल तर? संगणकाला ते दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी त्या मुलाशी आणि त्याच्या शिक्षकांशी बोलले पाहिजे.

२०२१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'सुपेस' नावाची संगणक प्रणाली सुरू केली. ती वेगळ्या प्रकारची होती. खटल्याच्या कागदपत्रांतून उपयोगी माहिती शोधून न्यायाधीशांपुढे ठेवणे, हे तिचे काम. नागपूरचे शरद बोबडे तेव्हा सरन्यायाधीश होते. निर्णय मात्र न्यायाधीशच घेतील, असे त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले.

संगणक नियम विसरत नाही आणि थकतही नाही. म्हणून त्याची मदत जरूर घ्यावी. पण त्याला दिलेले उत्तर खरे आहे की नाही, हे माणसानेच पाहावे.